कमी मापाचे तीन आठवडे

मार्गशीर्ष संपला की लालबाग-परळच्या चिकनच्या दुकानांसमोर पुन्हा गर्दी होते. महिनाभर कोरडे पडलेले लाकडी ओंडके ओले होतात. सकाळी आठच्या सुमारास टेम्पो येतो, जाळीच्या पेट्या उतरतात, आणि पांढऱ्या पक्ष्यांची कलकल रस्त्यापलीकडच्या घरांत ऐकू येते. दुकानाच्या पाटीवर दोनच प्रकार लिहिलेले असतात: गावठी आणि बॉयलर. मूळ शब्द ब्रॉयलर, पण या भागात तसा तो कुणी उच्चारत नाही. गिरण्यांच्या वस्तीत बॉयलर कोंबडीच्या आधी आला होता. जिभेने ओळखीचा शब्द ठेवून घेतला.

कोंबडीसाठी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत, अशाच थंडीत. नवे पैसे तोवर अंगवळणी पडले होते. नवी वजनं अजून पडायची होती. वाणी किलोचं वजन दाखवायला ठेवत आणि रत्तलाने माल तोलत. रत्तल म्हणजे इंग्रजांचा पौंड; एका किलोत असे दोन रत्तल आणि वर सव्वातीन औंस बसतात. हा आकडा मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. त्याचं कारण पुढे येईल.

शब्द घरी आणला आमच्या आईने. तिला आम्ही बाय म्हणायचो. ती परळच्या एका आवारात, कोंबड्यांच्या खोपीवर नुकतीच कामाला लागली होती. तिथल्या गुराढोरांच्या डॉक्टरांनी, दादरला राहणाऱ्या, बारीक चणीच्या, हातात सदैव कागद असलेल्या गृहस्थांनी, तिला सांगितलं होतं, "परदेशात मांसासाठी वेगळी कोंबडी वाढवतात. तिला ब्रॉयलर म्हणतात. आपल्याला तसं काही जमतंय का बघायचं आहे."

"बॉयलर गिरणीत असतो, साहेब," बाय म्हणाली. "त्याच्यात कोळसा घालतात."

"ह्याच्यात मका घालायचा," डॉक्टर म्हणाले. "बाकी काम तेच."

बायला बॉयलरची माहिती असणं साहजिक होतं. वीस वर्षं ती गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सूत कांडीवरून कांडीवर घ्यायचं, तुटलं की बोटांनी गाठ मारायची. मग नवी यंत्रं आली आणि खात्यातल्या बायका घरी गेल्या. बाय आठ महिने घरी होती. त्या आठ महिन्यांत तिने चाळीतल्या आमच्या खोलीतली भांडी इतकी घासली की पितळेवरची नावं पुसट झाली. मी गिरगावात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि घर चालत होतं, त्यामुळे प्रश्न पोटाचा नव्हता. ती एकदा म्हणाली होती, "हात रिकामे असले की मला माझे वाटतच नाय." खोपीवरचं काम तिला मिळालं ते हंगामापुरतं. पिल्लांची एक खेप तिने वाढवून दाखवायची. खेप चांगली निघाली तर कायम, नाही निघाली तर पुन्हा पितळेची भांडी. अट तोंडी होती, पण स्पष्ट होती.

खोपी दोन. मधे चिंचेचं झाड आणि एक नळ. एकीत बाय, दुसरीत परब नावाचे मालवणकडचे गृहस्थ. तेही पूर्वी गिरणीत होते, इथे पाच वर्षांचे जुने. परब पहिले दोन महिने बायच्या माठातलं पाणी पीत नसत. कारण कुणी विचारलं नाही आणि विचारायची गरजही नव्हती. एके दुपारी त्यांचा माठ फुटला. ते थोडा वेळ नळाकडे बघत उभे राहिले, नळ कोरडा होता. मग बायच्या माठातलं पाणी प्याले आणि विषय संपला.

पिल्लं आली त्या दिवशी मी बायबरोबर गेलो होतो. तांबड्या जातीचे नर, दोन्ही खोपींत शंभर-शंभर. पुठ्ठ्याच्या पेट्यांना बोटाएवढी भोकं होती आणि प्रत्येक भोकात एक चोच. जमिनीवर भाताचा तूस पसरलेला, त्यावर टिनचं छत्र, छत्रात विजेचे चार दिवे. थंडीच्या दिवसांत त्या खोपीत शिरलं की आधी ऊब लागायची, मग वास यायचा. वास तीन प्रकारचा: कोमट तुसाचा, मक्याच्या भरडीचा आणि सुकट कुटून घातलेली असे तिचा. हा तिसरा वास बायच्या लुगड्याला लागून घरी येई. शेजारीण हाक मारून विचारी, "सुंदराबाय, आज सुकट का वो?" आणि बाय सांगे, "हाय, पण ती आपली नाय."

पिल्लं पहिले काही दिवस खातात कमी आणि झोपतात फार. खाता खाता झोपतात. उभ्या उभ्या डोळे मिटतात, मान खाली येते, चोच तुसाला टेकते, दचकून जागी होतात आणि जणू काही झालंच नाही अशी पुन्हा टिपू लागतात. बाय हे बघून एकटी हसायची. तिला एकटीला हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात खाद्याला माप नव्हतं. पसरट झाकणांत ते सतत पडलेलं असे. दुसऱ्या आठवड्यापासून मोजून द्यायचं होतं. डॉक्टर तीन आठवड्यांसाठी खेड्यांच्या दौऱ्यावर निघाले होते. जाताना त्यांनी इंग्रजीत टाइप केलेला तक्ता दोघांना दिला. परबांनी तो घडी करून खिशात घातला आणि नेहमीच्या डब्याने, नेहमीच्या अंदाजाने खाद्य घालत राहिले. बायने तो घरी आणला.

तिला तो स्वतः वाचायचा होता. हे नीट सांगितलं पाहिजे. चाळीतल्या प्रौढांच्या वर्गात ती चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकली होती. साधी अक्षरं वर्गात आली. जोडाक्षरं तिने भिंतींवरून उचलली. त्या वर्षांत गिरणगावातली एक भिंत कोरी नव्हती. 'संयुक्त'मधला क्त, 'महाराष्ट्र'मधला ष्ट्र, ही अवघड अक्षरं तिला लहान मुलांच्या पुस्तकातल्या सोप्या शब्दांआधी आली. गेरूने लिहिलेलं 'झालाच पाहिजे' हे तिने आयुष्यात सलग वाचलेलं पहिलं वाक्य. त्यामुळे तक्ता तिला मराठीत हवा होता, मोठ्या अक्षरांत, आणि तो लिहिणार कोण हे ठरलेलंच होतं.

आमच्या कचेरीत एक नियम होता. तारयंत्रावर येणाऱ्या इंग्रजी बातमीत नवी मापं असली तर ती वाचकाच्या ओळखीच्या मापात द्यायची. किलोचे रत्तल करायचे, म्हणजे आकडा बदलायचा आणि मग शब्द बदलायचा. दिवसातून दहा वेळा मी ते करत असे. त्या दुपारी पाळी संपल्यावर, टेबलावरच्या बातमीच्या कागदावर, मी बायचा तक्ता मराठीत उतरवला. शंभर पिल्लांना रोज: दुसरा आठवडा दोन, तिसरा आठवडा तीन, चौथा आठवडा चार. इंग्रजीत वर 'किलो' होतं. मी 'रत्तल' लिहिलं. शब्द बदलला, आकडा बदलला नाही.

कागद वाचून झाल्यावर बायने एकच प्रश्न विचारला. "बरोबर लिहिलंस ना?"

"माझं कामच ते आहे," मी म्हणालो.

खोपीतल्या तराजूला वजनं जुनीच होती, गोल, लोखंडी, रत्तलाची. नवी सहाकोनी वजनं आवारातल्या कचेरीत लाकडी पेटीत बंद होती. म्हणजे चूक अडवू शकेल असं वाटेत काहीच नव्हतं. ती तक्ता होऊन भिंतीवर लागली. बाय रोज सकाळी तिच्यासमोर उभी राहून बोट फिरवत मोठ्याने वाचायची आणि तोलायची. अर्ध्याहूनही कमी खाद्य, तंतोतंत.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर ती घरी येऊन म्हणाली, "पिल्लं वरडतात रे."

"पिल्लं ओरडणारच."

"खाल्ल्यावर पण वरडतात. खायच्या पन्हळीच्या पत्र्यावर चोची आपटतात. टकटक, टकटक. खात्यात कांड्या वाजायच्या तशा."

"कागदावर आहे तेवढं घाल. डॉक्टरांनी विचार करून लिहिलं असेल."

ती तेवढंच घालत राहिली. छापल्यासारख्या अक्षरांत लिहिलेल्या गोष्टीशी भांडायचं असतं हे तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला मी घरात होतो.

परब मात्र रोज दारात येऊन बघत. "गो सुंदराबाय, ही कोंबड्यांची पिलां काय चिमण्यांची?"

"तुमची खातात जास्त, परबदादा. माझी कागदापरमाणं खातात."

"कागद वाचून कोंबडी मोठी जातत काय गो?"

चौथ्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टर परतले आणि वजनाचा दिवस आला. आवारातल्या कचेरीचे मोठे कारकून नव्या वजनांची पेटी घेऊन आले. परबांची पिल्लं टोपलीत मावेनात. बायची पाच पिल्लं टोपलीत घातल्यावर अजून दोघांना जागा राहत होती. पिसं बरी होती, डोळे स्वच्छ होते, पळत होती. फक्त लहान होती. मेलीही जास्त नव्हती, बायकडे दोन, परबांकडे तीन. डॉक्टर भिंतीजवळ गेले, तक्ता वाचला, तराजूतली गोल वजनं पाहिली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी वाचलं," बाय म्हणाली. "मीच घातलं."

"लिहिलं कुणी, ते विचारतोय."

"घातलं कुणी ते महत्त्वाचं, साहेब. ते मीच."

मोठे कारकून म्हणाले, "म्हणून म्हणत होतो. वाचता येत नाही त्यांच्या हाती तक्ते द्यायचे म्हणजे..." बायने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाचता येत होतं. चूक नेमकी त्यामुळेच पूर्ण झाली होती.

घरी आल्यावर तिने चहा केला, माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाली, "तुझं नाव घेतलं नाय." एवढंच. रागाचा शब्द नाही. तो असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांपुढे उभा राहिलो आणि तक्ता कुणी लिहिला ते सांगितलं.

"तुम्ही काय करता?"

"वर्तमानपत्रात आहे. उपसंपादक."

"मग चुका होत असतील."

"होतात."

"काय करता त्यांचं?"

"दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र छापतो."

डॉक्टरांनी खोपीकडे मान वळवली. "इथे कुठे छापणार?"

त्यांनी हातातल्या कागदावर वजनाच्या दिवसाचे आकडे पाहिले. मग म्हणाले, "चूक तुमची आहे हे मी लक्षात ठेवतो, पण कायम कुणाला करायचं ते पक्ष्यांच्या वजनावर ठरतं. कचेरीत मला तेच दाखवावं लागेल. बाराव्या आठवड्याला वजन होईल. परबांच्या खोपीइतकं भरलं, तर त्या राहतील. नाही भरलं, तर मला काही करता येणार नाही. आजपासून पोटभर घालू द्या."

म्हणजे आठ आठवडे होते.

आता खाद्याला माप नव्हतं. पन्हळ भरली की बायची पिल्लं त्यावर अशी पडत की पत्रा हले. खाऊन झाल्यावर ती तुसात आडवी होत, पाय लांब करत, आणि तासाभराने पुन्हा उठत. बाय त्यांना लसूणघास चिरून घाली, शिंपल्यांची पूड घाली, पाणी दिवसातून चार वेळा बदली. दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी जाई. तिथे मला काम नव्हतं. चिंचेखाली बसून वर्तमानपत्र वाचायचं. थंडी ओसरत होती. चिंचेची वाळकी पानं बारीक, पिवळी, पत्र्यावर पडत आणि घसरत. परब विडी विझवून कानावर ठेवत आणि आपली खोप झाडत. सायरनची वेळ झाली की तिन्ही बाजूंच्या गिरण्यांचे भोंगे लागोपाठ वाजत, आणि दोन्ही खोपींतले पक्षी एकदम गप्प होऊन माना वर करत. भोंगा थांबला की पुन्हा सुरू. त्या गुरुवारांची आठवण आली की काळजीपेक्षा हेच आधी आठवतं: पायाखाली कुरकुरणारा तूस, ऊन, आणि आत बायचा आवाज.

ती पक्ष्यांशी बोलत असे. एकदा ऐकलं ते असं: "परबांच्या खोपीएवढं वजन..." आणि पन्हळ थोपटून, "झालंच पाहिजे!"

पलीकडून परब ओरडले, "गो, माज्या खोपीविरुद्ध चळवळ सुरू केलंस काय?"

"तुमी सामील व्हा, परबदादा."

"मी सत्तेत आसंय. माका काय गरज?"

एका मोर्च्याच्या दिवशी गिरणगाव बंद होतं. बाय नेहमीप्रमाणे निघाली. लालबागला सुकट मिळते का पाहिलं, एका कोळणीने दार अर्धं उघडून दिली. डोक्यावर घासाचा भारा, हातात सुकटीची पिशवी, अशी ती रस्त्याला आली तर रस्ता माणसांनी भरलेला. दोर धरून उभ्या असलेल्या एका स्वयंसेवकाने तिला अडवलं. हे तिनेच संध्याकाळी सांगितलं, दोघांचे आवाज काढून.

"मावशी, आज कामावर जायचं नाही. बंद आहे."

"माझ्या कोंबड्यांना कुणी सांगितलं नाय."

"सांगा मग त्यांना, महाराष्ट्रासाठी एक दिवस उपास करा म्हणावं."

"त्यांचा झालाय रे बाबा. तीन आठवड्यांचा. आता सोडवते आहे."

मागचे लोक हसले. पण दोर काही सुटला नाही. बायने पाहिलं, मोर्चा परळकडेच चालला होता. तिने दोराखालून वाकून आत पाऊल टाकलं आणि मोर्च्यातून चालू लागली. घासाचा भारा डोक्यावर तसाच. तिला घोषणा पाठ होत्या आणि त्यांतलं प्रत्येक अक्षर तिचं होतं. ती खणखणीत आवाजात देत गेली. शेजारची बाई म्हणाली, "सुकटीचा वास कुठून येतोय?" बाय म्हणाली, "समुद्र आपलाच हाय, येणार वास." आवाराच्या फाटकाशी ती दोराखालून बाहेर पडली. त्या दिवशी परब आले नव्हते. तिने दोन्ही खोपींना खायला घातलं. परबांच्या पन्हळी तिने जरा हात राखून भरल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. तिने त्या काठापर्यंत भरल्या. दुसऱ्या दिवशी परबांनी पन्हळी पाहिल्या, बायकडे पाहिलं, आणि दुपारी आपल्या डब्यातली सोलकढी तिच्या वाटीत ओतली.

आज हे ज्ञान पुस्तकांत असतं. कोंबडीच्या पिल्लाला सुरुवातीच्या दिवसांत थोडं राखून खायला दिलं आणि पुढे मोकळं सोडलं तर ते मागे पडलेली वाढ भरून काढतं. चरबी कमी धरतं, पाय मजबूत राहतात, खाद्यही वाचतं. मात्र किती दिवस राखायचं आणि कितपत, यावर सगळं आहे. जास्त ताणलं तर भरून निघत नाही. आताचे पांढरे पक्षी सहा-सात आठवड्यांत तयार होतात. त्यांना इतकी भूक दिलेली असते की ती आवरणं हाच एक धंदा झाला आहे. समोरच्या टेम्पोतून उतरणारा प्रत्येक पक्षी अशा कुठल्या तरी तक्त्यावर वाढलेला असतो. त्या थंडीत आमच्यापैकी कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. मराठीत 'बाळसं धरणं' असा वाक्प्रचार आहे. तो माणसाच्या मुलासाठी वापरतात. दहाव्या आठवड्यात बाय घरी येऊन म्हणाली, "बाळसं धरलंय." कुणी, ते विचारावं लागलं नाही.

बाराव्या आठवड्याचं वजन सकाळीच सुरू झालं. नवी सहाकोनी वजनं पारड्यात पडताना वेगळा आवाज करतात, जड आणि सपाट. मोठे कारकून आकडे लिहीत होते, डॉक्टर बेरीज करत होते. आधी परबांच्या टोपल्या झाल्या, मग बायच्या. बाय प्रत्येक पक्षी दोन्ही हातांनी उचलून टोपलीत ठेवत होती आणि तराजूकडे मुळीच बघत नव्हती. मी बघत होतो. पहिल्या तीन टोपल्या हलक्या भरल्या. चौथी बरोबरीची. त्यानंतर मी मोजणं सोडलं. परबांच्या खोपीतले तीन नर पाय फाकवून बसत होते; त्यांना उचलून आणावं लागलं होतं. बायचे सगळे आपल्या पायांनी पळत होते, त्यामुळे पकडायलाच वेळ लागला.

डॉक्टरांनी बेरीज दोनदा केली. "पक्ष्यामागे एका अंड्याएवढाही फरक नाही," ते म्हणाले. मग ते कोठारात गेले आणि दोघांना सारख्या मोजून दिलेल्या पोत्यांतली उरलेली बघून आले. त्यांच्या चेहऱ्यावर माणूस हरवलेली वस्तू भलत्याच खिशात सापडल्यावर बघतो तसा भाव होता. "या खोपीचं खाद्य उरलंय. परब, तुमचं संपलं."

"माजी पोती खय गेली?" परब म्हणाले.

"तुमच्या कोंबड्यांच्या पोटात," बाय म्हणाली. ती पहिल्यांदाच तराजूजवळ आली. "म्हंजे भरलं ना, साहेब?"

"भरलं."

तिने हात धुतले, लुगड्याला पुसले, आणि नळ बंद करायला विसरली. परबांनी तो बंद केला.

त्या आठवड्यात मी एक लेख लिहायला घेतला. असा विषय हाती आला की वर्तमानपत्राच्या माणसाला तो माणसांवर नेल्याशिवाय राहवत नाही, आणि ते दिवसही तसे होते. रोज कुणी ना कुणी व्यासपीठावरून सांगत होतं की आजवर राहून गेलेलं सगळं आता भरून निघेल. मी तेच पिल्लांच्या गोष्टीवरून लिहिलं आणि बायला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"शेवटी माणसांचं लिहिलंयस."

"हो."

"ते काढ."

"का?"

"पिल्लांना तीन आठवडे कमी पडलं. आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या कमी पडलं. तीन आठवड्यांचं माप पिढ्यांना लावू नको." तिने एक खडा बाजूला टाकला. "तुझा मामा आठवतो? माझ्या खांद्याला लागायचा. पुढं गिरणीत दोन टाइम जेवला, बारा वर्षं. वाढला काय?"

मी शेवटचा परिच्छेद काढला. त्यानंतर लेखात उरलं ते कोंबड्यांच्या वजनापुरतंच होतं. तो छापला गेला नाही आणि त्याचं वाईट वाटलं नाही. आकडा न बदलता शब्द बदलायची माझी ती दुसरी वेळ होती. या वेळी चूक छापण्याआधी सापडली.

पुढल्या खेपेची पिल्लं उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. बायचं नाव तोवर कायमच्या यादीत लागलं होतं. डॉक्टर खोपीत आले, हातात कागद. "सुंदराबाई, या खेपेला आपण तेच करून बघू. दुसऱ्या आठवड्यात सात दिवस अर्धं माप. मुद्दाम. पिल्लांना उपास घडवायचा म्हणा."

"आमच्यात उपास नसतात आता, साहेब. धरम बदलला तवा सगळे सोडले."

"तुमचा नव्हे. पिल्लांचा."

"ती तरी माझ्याच घरातली." बाय हसली नाही. "चुकून झालं ते झालं. मुद्दाम उपाशी ठेवायचं म्हंजे येगळं. तुमी सांगता तर करीन. तुमचं त्यातलं ग्यान मोठं हाय. पण भांडं अर्धं भरायच्या वेळी तुमी हितं उभं र्‍हायचं. रोज."

"मी कशाला?"

"तवा कुणाला ठाऊक नव्हतं. आता आपल्याला ठाऊक हाय. ठाऊक असल त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघायचं."

मोठे कारकून काही बोलणार होते. डॉक्टरांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "किती वाजता?"

ते आले. पहिल्या दिवशी घड्याळ बघत उभे होते. पिल्लं पन्हळ रिकामी करून पत्रा टोचू लागली, तेव्हा त्यांनी घड्याळ बघणं थांबवलं. तिसऱ्या दिवशी ते कागद बाहेर ठेवून आले. पाचव्या दिवशी उकिडवे बसले; पिल्लं त्यांच्या बुटांच्या नाड्या दाणे समजून ओढत होती आणि ते पाय हलवत नव्हते. बाय एका बाजूला, डॉक्टर एका बाजूला, मधे शंभर पिल्लं, आणि टकटक. एकदा डॉक्टर म्हणाले, "सातच दिवस आहेत." बाय म्हणाली, "त्यांना मोजता येत नाय."

आठव्या दिवशी, उपास सुटायचा म्हणून, मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो. डॉक्टर बायच्या आधी येऊन खोपीत उभे होते. त्यांनी डबा स्वतः पोत्यात बुडवला आणि पन्हळ भरू लागले. भरली, तरी ओतत राहिले. मक्याची भरड काठावरून तुसात सांडली, त्यांच्या बुटांवर पडली, पिल्लं पन्हळ सोडून बुटांवर चढली.

"अवो, बस करा!" बाय दारातूनच ओरडली. "पार काठोकाठ भरताय? पायानं उकरून सगळं सांडतील. येवढं शिकलात, कोंबडीला खायला घालायला कुणी नाय शिकवलं?"

डॉक्टर डबा हातात धरून जागच्या जागी थांबले. पलीकडच्या खोपीच्या दारात परब आले, बाय कुणावर ओरडते आहे ते बघायला. बघितलं, आणि पुन्हा आत गेले.